वर्दी देणारे प्रथिन
रक्ताच्या अहवालातील ‘सीआरपी’ हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे छोटे स्थानक लागते. नवागढच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांना हा मार्ग परिचित आहे. अशा गावात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या कुटुंबात कोणाला ताप आला, तर पहिला दिवस घरच्या काढ्यावर जातो आणि दुसऱ्या दिवशी गावातील डॉक्टरांची पायरी चढली जाते. तरीही ताप हटला नाही, तर मंडळी परभणी किंवा नांदेड गाठतात. तेथे रक्त तपासले जाते आणि संध्याकाळी अहवाल मोबाइलवर येतो. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट या ओळखीच्या ओळींच्या खाली आता बहुधा आणखी एक ओळ असते, ती म्हणजे ‘सीआरपी’. तिच्यापुढचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असला की घरातील वातावरण बदलते. तोच अहवाल पुण्यातील भाच्याला, मुंबईतील व्याह्यांना आणि औषधाच्या दुकानातील परिचिताला पाठविला जातो. प्रत्येकाचे मत निराळे पडते आणि पुष्कळदा डॉक्टरांच्या भेटीपूर्वीच प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात गेलेली असते.

हे नेहमीच निष्पाप ठरत नाही. अनावश्यक प्रतिजैविकांनी खर्च वाढतो, पोट बिघडते आणि जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. आकडा लहान आला म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरात खरा आजार आतल्या आत वाढू शकतो. म्हणून हा आकडा नेमका कशाचा, तो का वाढतो, कधी वाढत नाही आणि त्यावर किती भिस्त ठेवावी, हे समजून घेणे प्रत्येक घराच्या हिताचे आहे.

‘सी’ हे अक्षर कोठून आले?

सीआरपी म्हणजे ‘सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन’. या ‘सी’चा ‘सी’ जीवनसत्त्वाशी काही संबंध नाही. त्याची कथा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात घडली. त्या काळी न्यूमोनिया हा मोठा मृत्युदूत होता आणि पेनिसिलिन अद्याप उपचारात आले नव्हते. ऑस्वल्ड एव्हरी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे न्यूमोकोकस या जंतूचा कसून अभ्यास चालू होता. १९३० मध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस या दोन संशोधकांनी त्या जंतूपासून वेगळा काढलेला शर्करायुक्त अंश रुग्णांच्या रक्तद्रवात मिसळून पाहिला. या अंशाला त्यांनी ‘सी’ असे नाव दिले होते. न्यूमोनियाने फणफणलेल्या रुग्णाच्या रक्तद्रवात हा अंश मिसळताच साका तयार होई. तोच रुग्ण बरा झाल्यावर पुन्हा रक्त घेतले, तर साका तयार होत नसे.

यात नवल असे होते की प्रतिपिंडांची रीत याच्या नेमकी उलट असते. प्रतिपिंडे आजाराच्या सुरुवातीला नसतात, काही दिवसांनी तयार होतात आणि रुग्ण बरा झाल्यावरही पुष्कळ काळ टिकतात. हा नवा घटक मात्र आजाराच्या पहिल्याच टप्प्यात येई आणि आजार ओसरताच नाहीसा होई. शिवाय न्यूमोकोकसशी संबंध नसलेल्या काही आजारांतही तो आढळू लागला. म्हणजे तो एका विशिष्ट जंतूविरुद्ध घडविलेला पदार्थ नव्हता. देहावर संकट आले की रक्तात उतरणारा तो सर्वसाधारण घटक होता. १९४१ मध्ये एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा घटक एक प्रथिन असल्याचे दाखविले आणि १९४७ मध्ये मॅक्लिन मॅकार्टी यांनी त्याचे शुद्ध स्फटिक मिळविले. आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए हेच होय, हे १९४४ मध्ये दाखवून देणाऱ्या तिघांपैकी एव्हरी आणि मॅकार्टी हे दोघे होते. त्या महान शोधाच्या सावलीत सीआरपीचा शोध काहीसा झाकला गेला.

देहाची पहिली फळी

सीआरपी तयार होते ते मुख्यतः यकृतात. देहात कोठेही जंतूंचा शिरकाव झाला, इजा झाली किंवा पेशी मृत होऊ लागल्या की तेथील संरक्षक पेशी काही रासायनिक संदेश सोडतात. त्यांतील ‘इंटरल्यूकिन-६’ हा संदेश रक्तावाटे यकृतापर्यंत पोहोचतो आणि यकृत सीआरपीचे उत्पादन वेगाने वाढविते. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात हे प्रथिन एखाद्या मिलिग्रॅमच्या आसपास असते. तीव्र संसर्गात ते काहीशे मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे शेकडो पटींनी आणि क्वचित हजारपटीपर्यंत चढते. रक्तातील फारच थोडे घटक इतक्या वेगाने इतका पल्ला गाठतात.

या प्रथिनाची घडण पाच पाकळ्यांच्या फुलासारखी असते. पाच सारखे घटक वर्तुळाकार जोडलेले असतात आणि त्याच्या एका बाजूस कॅल्शियमच्या साहाय्याने ‘फॉस्फोकोलीन’ या रसायनाला पकडण्याची जागा असते. हे रसायन न्यूमोकोकससारख्या अनेक जंतूंच्या आवरणावर असते. आपल्या स्वतःच्या पेशींच्या आवरणातही ते असते, परंतु पेशी धडधाकट असेपर्यंत सीआरपीचा हात तेथे पोहोचत नाही. पेशी जखमी झाली किंवा मेली की ते उघडे पडते. म्हणून सीआरपी परक्या जंतूला चिकटते तसे आपल्याच मेलेल्या पेशींनाही चिकटते.

चिकटल्यानंतर त्याचे खरे काम सुरू होते. रक्तात ‘पूरक प्रथिने’ नावाची एक साखळी सुप्तावस्थेत असते. सीआरपीच्या दुसऱ्या बाजूमुळे या साखळीची पहिली कडी जागी होते. मग जंतूवर जणू खूण केली जाते आणि भक्षक पेशी ती खूण ओळखून त्याला गिळंकृत करतात. मेलेल्या पेशींचा केरकचराही याच मार्गाने उचलला जातो. प्रतिपिंडे तयार व्हायला जे काही दिवस लागतात, त्या अवधीत किल्ला लढविणाऱ्या पहिल्या फळीतील हा एक शिपाई होय. ही व्यवस्था किती प्राचीन आहे याची कल्पना यावरून येईल की पाठीचा कणा नसलेल्या, समुद्रात राहणाऱ्या नालखेकड्याच्या शरीरातही याच कुळातील प्रथिन आढळते.

दाह हा शब्द ऐकला की आग, जळजळ डोळ्यांपुढे येते. वैद्यकीय अर्थाने दाह म्हणजे देहाने स्वतःच्या रक्षणासाठी उभारलेली मोहीम. सूज, उष्णता, लाली आणि वेदना ही तिची बाहेरून दिसणारी लक्षणे, तर सीआरपी ही तिची रक्तात उमटणारी वर्दी. मोहीम सुरू झाली आहे, हे ही वर्दी सांगते. शत्रू कोण आणि तो कोठे आहे, हे ती सांगत नाही.

चढण्याची आणि उतरण्याची गती

कोणताही व्यापारी एका दिवसाच्या गल्ल्यावरून वर्षाचा नफा-तोटा ठरवीत नाही. तो रोजमेळातील नोंदी ओळीने पाहतो. सीआरपीचे वाचनही तसेच करावे लागते.

संकट सुरू झाल्यापासून साधारण सहा तासांनी रक्तातील सीआरपी वाढू लागते आणि सुमारे ४८ तासांत शिखर गाठते. म्हणून थंडी वाजून ताप भरल्यावर दोन-तीन तासांतच रक्त दिले, तर संसर्ग तीव्र असूनही आकडा सर्वसामान्य येऊ शकतो. याच कारणाने नवजात बालकाच्या बाबतीत डॉक्टर एकाच तपासणीवर थांबत नाहीत. चोवीस तासांच्या अंतराने ती पुन्हा केली जाते आणि दोन्ही वेळा आकडा कमी आला, तर बाळाची प्रकृती पाहून प्रतिजैविके थांबविण्याच्या निर्णयाला आधार मिळतो.

उतरण्याची गतीही ठरलेली आहे. रक्तात आलेल्या सीआरपीपैकी निम्मे सुमारे १९ तासांत नाहीसे होते. आजार कोणताही असला तरी ही गती जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे रक्तातील आकडा यकृत किती उत्पादन करीत आहे, एवढ्यावरच अवलंबून राहतो. समजा, आकडा १०० होता आणि उपचाराने दाह पूर्णपणे थांबला, तर १९ तासांनी तो ५०, ३८ तासांनी २५ आणि ५७ तासांनी १२ च्या आसपास यावा. प्रत्यक्षात दाह एका क्षणी थांबत नाही, म्हणून उतार याहून संथ असतो. तरीही दोन-तीन दिवसांत आकडा ठळकपणे खाली येत असेल तर औषध लागू पडत आहे असा कौल मिळतो, आणि तो तसाच राहिला किंवा वाढला तर निदानाचा फेरविचार करावा लागतो. शस्त्रक्रियेनंतरही दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत सीआरपी वाढते आणि मग उतरते. ही चढ स्वाभाविक असते. उतरू लागलेला आकडा पुन्हा चढला, तर मात्र शल्यचिकित्सक सावध होतात.

जुन्या पिढीला ‘ईएसआर’ ही तपासणी अधिक परिचित आहे. तीही दाहाचेच अनुमान देते, पण ती सावकाश वाढते आणि आजार बरा झाल्यावरही काही आठवडे चढलेली राहू शकते. रक्तक्षय, गर्भारपण आणि वाढते वय यांचाही तिच्यावर परिणाम होतो. रक्तक्षयाचे प्रमाण आपल्याकडील स्त्रियांत मोठे असल्याने त्यांच्या बाबतीत केवळ ईएसआरवरून अनुमान काढणे फसवे ठरू शकते. सीआरपीवर रक्तक्षयाचा तसा परिणाम होत नाही.

आधी एकक पाहावे, मग आकडा

हिशेबात रुपये आणि पैसे यांची गल्लत झाली तर काय होते, हे व्यापारी कुटुंबांना सांगायला नको. सीआरपीच्या अहवालात ही गल्लत वारंवार होते. काही प्रयोगशाळा प्रमाण ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’ असे देतात, तर काही ‘मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर’ असे. डेसिलिटर हा लिटरचा दहावा भाग. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला दहाने गुणल्यावरच तो पहिल्याशी ताडून पाहता येतो.

एका रुग्णाचा परभणीतील अहवाल २.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे आणि तीन दिवसांनी नांदेडमधील अहवाल १८ मिलिग्रॅम प्रति लिटर आला, अशी कल्पना करा. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की आकडा २ वरून १८ वर गेला आणि आजार अनेक पटींनी वाढला. खरे तर पहिला आकडा लिटरच्या हिशेबात २४ होतो आणि तो १८ वर उतरला आहे. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी, आणि ते शक्य नसेल तर आकड्याशेजारचे एकक व तेथेच छापलेली सर्वसामान्य मर्यादा आधी वाचावी. बहुतेक प्रयोगशाळा ५ किंवा ६, तर काही १० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतचे प्रमाण सर्वसामान्य मानतात. या तपासणीसाठी उपाशीपोटी राहण्याची आवश्यकता नसते.

जिवाणू की विषाणू?

ताप, खोकला, घसादुखी यांपैकी पुष्कळ तक्रारी विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग नसतो. जिवाणूंच्या संसर्गात सीआरपी सामान्यतः अधिक चढते, तर साध्या विषाणू-तापात ती माफक राहते. या फरकाचा उपयोग अनावश्यक प्रतिजैविके टाळण्यासाठी करता येतो.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१४ मध्ये छातीच्या संसर्गाबाबत डॉक्टरांना एक मार्गदर्शन केले. रुग्णाला तपासूनही न्यूमोनिया आहे की नाही हे ठरत नसेल आणि प्रतिजैविक द्यावे की न द्यावे असा प्रश्न असेल, तर सीआरपी पाहावी. ती २० मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी असेल तर प्रतिजैविक सहसा देऊ नये. २० ते १०० च्या दरम्यान असेल तर चिठ्ठी द्यावी, पण लक्षणे बळावली तरच औषध घेण्यास सांगावे. १०० च्या वर असेल तर प्रतिजैविक द्यावे. उत्तर व्हिएतनाममधील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बोटातून थेंबभर रक्त घेऊन तेथल्या तेथे सीआरपी पाहिली गेली, त्या गटातील ६४ टक्के रुग्णांना प्रतिजैविके दिली गेली. ज्यांची ही तपासणी झाली नाही, त्यांच्यात हे प्रमाण ७८ टक्के होते. बरे होण्यास मात्र दोन्ही गटांना सारखाच वेळ लागला.

ही रेषा पुसट आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. हिवताप हा जिवाणूंचा आजार नसूनही त्यात सीआरपी पुष्कळ वाढू शकते. काही विषाणूंचे तापही तिला वर नेतात. वरचा आकडा पाहून औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविक आणणे म्हणूनच अयोग्य होय. ब्रिटनमधील ते मार्गदर्शनही रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरांसाठी होते, हे विसरता कामा नये.

दुसऱ्या लाटेचा धडा

महाराष्ट्रातील सामान्य माणसाच्या तोंडी सीआरपी हा शब्द रुळला तो कोविडच्या काळात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील दुसऱ्या लाटेत घरोघर सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन आणि छातीच्या सीटी स्कॅनचा ‘स्कोअर’ यांची चर्चा चाले. सौम्य लक्षणे असलेली माणसेही प्रयोगशाळेबाहेर रांगा लावीत. ३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितले की आजार सौम्य असेल आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण योग्य असेल, तर सीटी स्कॅन आणि अशा रक्ततपासण्या करण्यात लाभ नाही. आकडा थोडा वाढलेला दिसला की अकारण स्टेरॉइड सुरू केले जाण्याचा धोका त्यामागे होता.

मात्र गंभीर रुग्णांच्या बाबतीत याच आकड्याने मोलाचे काम केले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या विशाल चाचणीत टोसिलिझुमॅब हे औषध कोणाला द्यायचे, हे ठरविताना दोन अटी घातल्या गेल्या. रुग्णाचा प्राणवायू कमी झालेला असावा आणि सीआरपी ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा अधिक असावी. ४,११६ रुग्णांच्या या तुलनेत २८ दिवसांच्या आत औषध मिळालेल्या गटातील ३१ टक्के आणि न मिळालेल्या गटातील ३५ टक्के रुग्ण दगावले. दाह हाताबाहेर गेलेला रुग्ण निवडण्यासाठी सीआरपी कशी उपयोगी पडते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

यातच एक सावधगिरीही दडलेली आहे. टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-६ चा संदेशच अडविते. संदेश यकृतापर्यंत न पोहोचल्याने सीआरपी झपाट्याने खाली येते. त्यानंतर रुग्णाला एखादा नवा संसर्ग झाला, तरी आकडा गप्प राहू शकतो. स्टेरॉइडमुळेही सीआरपी उतरू शकते. आकडा उतरला म्हणजे आजार गेला, हे समीकरण अशा वेळी लागू पडत नाही.

सडपातळ देहातील छुपा दाह

आतापर्यंतचे विवेचन तीव्र आजारांचे झाले. गेल्या काही दशकांत सीआरपीच्या फार लहान वाढीलाही महत्त्व आले आहे. ताप नाही, दुखणे नाही, तरीही काही माणसांत ती सतत २, ३ किंवा ४ मिलिग्रॅम प्रति लिटर अशी किंचित वाढलेली राहते. ती मोजण्यासाठी अधिक सूक्ष्म पद्धत वापरतात आणि अहवालात तिला ‘एचएस-सीआरपी’ म्हणतात. २००३ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी हृदयविकाराच्या संदर्भात तीन पायऱ्या ठरविल्या. १ पेक्षा कमी असल्यास धोका कमी, १ ते ३ असल्यास मध्यम आणि ३ पेक्षा अधिक असल्यास जास्त.

ही सततची किंचित वाढ कोठून येते? याच्या उत्तराचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढलेला दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला तरी आतून चरबीयुक्त असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखविले.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. विशेषतः पोटाभोवतीच्या चरबीतून इंटरल्यूकिन-६ सारखे संदेश सतत स्रवत असतात आणि यकृत त्यांना प्रतिसाद देत राहते. युडकिन यांच्याच चमूने १९९९ मध्ये निरोगी माणसांतील सीआरपीचा लठ्ठपणाशी आणि इन्शुलिनला शरीराने दाद न देण्याशी असलेला संबंध मांडला होता. पुढे याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांतील, शहरातील झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील पुरुषांची तुलना करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. खेड्यांतील पुरुषांच्या मानाने शहरी मध्यमवर्गीय पुरुषांत चरबी अधिक होती आणि दाहाची रक्तातील चिन्हेही अधिक होती. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यामागे बसून राहणाऱ्या, तुपातेलाचे पदार्थ आवडीने खाणाऱ्या आणि ‘वजन तर बेताचेच आहे’ असे समाधान मानणाऱ्या माणसाने या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करू नये. तंबाखूचे धूम्रपान आणि हिरड्यांचे जुनाट रोग यांनीही सीआरपी किंचित चढलेली राहते.

धूर आणि आग

मग सीआरपी हीच हृदयविकाराचे कारण आहे काय? पुष्कळ वर्षे या प्रश्नावर वाद चालला. २००८ मध्ये डॉ. पॉल रिडकर यांनी ‘ज्युपिटर’ चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नाही पण सीआरपी २ किंवा अधिक आहे, अशा १७,८०२ व्यक्ती तिच्यात होत्या. त्यांतील ज्यांना रोसुव्हास्टॅटिन दिले, त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात आदी घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. परंतु स्टॅटिन औषध कोलेस्टेरॉल आणि सीआरपी दोन्ही उतरविते. त्यामुळे यश नेमके कशाचे, हे त्यावरून ठरत नव्हते.

उत्तर मिळाले ते जनुकांच्या अभ्यासातून. काही माणसांत जन्मतःच अशी जनुके असतात की त्यांची सीआरपी आयुष्यभर इतरांपेक्षा थोडी अधिक राहते. सीआरपी हेच कारण असते, तर अशा माणसांना हृदयविकार अधिक व्हायला हवा होता. २००९ आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत तसे आढळले नाही. आग असेल तेथे धूर दिसतो, पण धुरामुळे आग लागत नाही. सीआरपीची किंचित वाढ हा बहुतांशी धूर आहे.

आग मात्र खरी आहे, हे २०१७ च्या ‘कॅन्टॉस’ चाचणीने दाखविले. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेली असलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर कोलेस्टेरॉलशी संबंध नसलेल्या, केवळ दाह कमी करणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाची चाचणी घेतली गेली. त्याच्या मधल्या मात्रेने हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. त्याचबरोबर जीवघेण्या संसर्गांचे प्रमाण वाढले. जो दाह धमन्यांना अपाय करतो, तोच जंतूंपासून देहाचे रक्षणही करतो. त्याला सरसकट दाबून टाकणे म्हणजे चोराच्या भीतीने पहारेकऱ्यालाच बांधून ठेवणे होय. ‘सीआरपी कमी करणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि चूर्णे यांच्याकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. हा आकडा हा रोगच नव्हे, तर नुसता आकडा उतरविण्याने काय साधणार?

आकड्याआधी नजर

महाराष्ट्रातीलच आणखी एक उदाहरण येथे आठवते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याचा प्रयोग केला. तेथे प्रयोगशाळा हाताशी नव्हती. गावातील प्रशिक्षित आरोग्यदूत बाळाचे निरीक्षण करीत. बाळ नीट दूध ओढेनासे झाले काय, त्याचे रडणे क्षीण झाले काय, अंग थंड पडले काय, श्वासाची गती वाढली काय, अशा लक्षणांवरून ते जंतुसंसर्ग ओळखत आणि उपचार सुरू करीत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शेजारच्या गावांच्या तुलनेत या गावांतील नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले.

याचा अर्थ सीआरपीसारखी तपासणी निरर्थक आहे, असा मुळीच नाही. रुग्णाकडे बारकाईने पाहणे हा निदानाचा पाया आहे आणि आकडा हा त्या पाहण्याचा साहाय्यक आहे, एवढेच यावरून लक्षात घ्यायचे. ज्या घरात थर्मामीटरच्या नोंदी आहेत, आजारी माणसाने किती खाल्ले, लघवी कितीदा झाली, धाप लागते काय याची माहिती आहे, त्या घराने आणलेला अहवाल डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतो.

अहवाल हाती आल्यावर

काही व्यावहारिक गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवाव्यात. तापात आकडा वाढलेला आला तर तो अपेक्षितच आहे. त्यावरून आजाराचे नाव ठरत नाही, ते डॉक्टरांच्या तपासणीने आणि आवश्यक त्या अन्य चाचण्यांनी ठरते. आकडा सर्वसामान्य असूनही माणूस मलूल असेल, धाप लागत असेल, शुद्ध हरपत असेल, तर अहवाल बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. यकृताचा गंभीर विकार असलेल्या व्यक्तीत संसर्ग असूनही सीआरपी पुरेशी वाढत नाही. ल्युपससारख्या काही विकारांत आजार बळावला असूनही ती माफकच राहते. क्षयरोग किंवा कर्करोग नाही, असे या एका आकड्यावरून म्हणता येत नाही. जास्त दिवसांचा खोकला आणि घटते वजन असेल, तर सीआरपी कितीही असो, थुंकीची तपासणी झालीच पाहिजे.

आरोग्य शिबिरांत किंवा संपूर्ण तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये एचएस-सीआरपी असेल, तर ती सर्दी-तापाच्या दिवसांत करू नये. आकडा १० च्या वर आला तर तो हृदयाच्या हिशेबात धरू नये. त्या वेळी कोठे संसर्ग आहे काय ते पाहावे आणि बरे झाल्यावर पुन्हा मोजावे. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी काढणे अधिक विश्वसनीय असते. ती सतत वाढलेली निघाली, तर तिच्यासाठी वेगळे औषध शोधण्याऐवजी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कंबरेचा घेर यांकडे पाहावे. रोजचे भरभर चालणे, पोटावरील चरबी घटविणे, तंबाखू सोडणे आणि दातांची निगा राखणे यांनी सीआरपीही खाली येते आणि मूळ धोकाही कमी होतो. जुने अहवाल तारखेनुसार एका धारिकेत लावून ठेवावेत आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावेत. एका सुट्या चिठ्ठीवरून डॉक्टरांना जे कळत नाही, ते ओळीने लावलेल्या चार अहवालांवरून कळते.